तारामतीला कुणी विचारलं?

हरिश्चंद्रगडावर जायचं, यावर आमच्या घरात दुमत नव्हतं. आमच्याकडे एकमताने मंजूर झालेला हा बहुधा पहिलाच ठराव असेल. प्रश्न होता तो चढायला सुरुवात कुठून करायची, एवढाच. पण मध्यमवर्गीय माणसाचं सगळं आयुष्य अशा ‘एवढाच’ प्रश्नांवर अडतं. लग्न जमतं, मानपानावर मोडतं. घर पसंत पडतं, गाडी कुठे लावायची यावर व्यवहार फिसकटतो. आमचंही तसंच झालं. गड ठरला, पायथा ठरेना.

याला थोडा तो गडही जबाबदार आहे. साध्या, सालस गडाला एक पायथा असतो. गाडीतून उतरावं आणि समोर दिसेल ती पायवाट धरावी. हरिश्चंद्रगड पडला तीन जिल्ह्यांच्या सीमेवर. पाचनईकडून चढाल तर सुरुवात अहिल्यानगर जिल्ह्यात, खिरेश्वरकडून चढाल तर पुणे जिल्ह्यात, आणि बेलपाड्याहून नळीच्या वाटेने चढाल तर ठाणे जिल्ह्यात. पैकी नळीची वाट दोर, कातळ आणि विमा या तिन्हींशी परिचय असलेल्यांसाठी असते. तिचा विचार आमच्याकडे फक्त मेहुण्यांनी केला, तोही जेवण झाल्यावर, आरामखुर्चीत.

राहिल्या दोन वाटा. पाचनईची वाट गडावरच्या सगळ्या वाटांत सोपी. अडीच-तीन तासांत माणूस हरिश्चंद्रेश्वराच्या देवळात. मात्र डोंबिवलीहून पाचनई लांब. माळशेज घाट चढून ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ असं करत जायचं, म्हणजे पायांना जेवढी सवलत तेवढा कमरेला दंड. खिरेश्वर त्या मानाने जवळ. माळशेज ओलांडला की खुबी फाटा, तिथून धरणाच्या भिंतीवरून गेलं की गाव. पण तिथून चढण चार-पाच तासांची. आधी टोलार खिंड, मग उघड्या कातळावरचा चढ, आणि आता संपलं म्हणेपर्यंत समोर येणाऱ्या टेकड्या. एक उतरावी तोवर दुसरी उभी.

मी खिरेश्वरच्या बाजूने होतो. कारण १९८२ साली मी खिरेश्वरने चढलो होतो. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, गुडघे सरकारी नोकरीत लागायचे होते, आणि एस.टी.ने खुबी फाट्यावर पहाटे सोडलेले आम्ही चौघे अंगात एक स्वेटर आणि पिशवीत दशम्या घेऊन वर गेलो होतो. तेव्हापासून घरात डोंगराचा विषय निघाला की मी “आम्ही खिरेश्वरने गेलो होतो” असं म्हणत आलोय. पाचनईने जायचं म्हणजे मला मागच्या दाराने लग्नाला गेल्यासारखं वाटत होतं.

“बाबा, वर गेल्यावर दिसणार तेच आहे ना?” चिरंजीव म्हणाले. “कोकणकडा काय पाचनईवाल्यांना पाठ दाखवतो?”

“दिसण्याचा प्रश्न नाही. कष्टाचा आहे,” मी म्हणालो.

“काशीला बैलगाडीने गेलेल्या माणसाला गंगा जास्त ओली लागते काय हो, दाजी?” मेहुण्यांनी विचारलं.

“मग हेलिकॉप्टरमधून एव्हरेस्ट बघून आलेल्याला तेनसिंगच्या शेजारी बसवाल का?”

यावर मेहुणे गप्प बसले. मेहुणे गप्प बसले की मला आपला मुद्दा बरोबर असल्याची खात्री पटते. खरं तर ते पापड खात होते.

पण आता मागे वळून पाहताना वाटतं, मेहुण्यांचंही खरं होतं आणि माझंही. गंगा दोघांना सारखीच ओली लागते, आणि तरी पायी पंढरपूरला गेलेल्या वारकऱ्याला आपण वाकून नमस्कार करतो, एस.टी.ने गेलेल्याला “गर्दी होती का हो?” एवढंच विचारतो. कष्टाला किंमत आहेच. फक्त वारीला जाणारा स्वतःच्या पायांनी जातो. तो शेजाऱ्याच्या पायांवर वारी करत नाही. माझ्या खिरेश्वराच्या आग्रहात एकूण सहा जणांचे मिळून बारा पाय होते, आणि त्यांतले दहा माझे नव्हते, ही बारीकशी गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती.

“पण खिरेश्वरने वेळ किती लागतो?” सूनबाईंनी विचारलं. सूनबाई कमी बोलतात. म्हणून त्यांचे प्रश्न अडचणीचे असतात.

“दोन तास,” मी म्हणालो. “फार तर सव्वादोन.”

आता हे मी का म्हणालो, हे मला सांगता येणार नाही. खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. पण प्रवासाला बरोबर न्यायच्या माणसांना अंतर सांगताना निम्मं सांगायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. वाटेत भेटलेल्या गावकऱ्यालाही आपण विचारलं तर तो “हे काय, आलंच” म्हणतो. त्याला आपण खोटारडा म्हणत नाही, उलट त्याच्या चांगुलपणाची कौतुकं सांगतो.

आमच्या वेळी असल्या खोट्याला वाव तरी होता. आता नाही. माझी नात नऊ वर्षांची आहे. तिने तिच्या आईच्या फोनवर बोट फिरवलं आणि सांगितलं, “आबा, इथे चार ते पाच तास लिहिलंय.”

“लोक वाढवून लिहितात.”

“सगळ्यांनीच वाढवून लिहिलंय.” ती आणखी थोडं वाचत राहिली. मग मान वर करून म्हणाली, “आबा, हरिश्चंद्र म्हणजे तोच ना, जो कधीच खोटं बोलायचा नाही?”

घरात अशी शांतता पसरली की मेहुण्यांचा पापड मोडलेला ऐकू आला.

त्या रात्री मला झोप लागेना. नातीचा रोख माझ्यावर होता, पण मी तो शिताफीने हरिश्चंद्राकडे वळवला. पडल्या पडल्या विचार करू लागलो, की हा राजा तरी एवढा कसला थोर? ऋषीला राज्य देऊन मोकळा झाला, हे त्याचं राज्य होतं, ठीक आहे. पण वरच्या दक्षिणेसाठी बायको विकली, मुलगा विकला. सत्याची वाट याने निवडली, आणि चढ चढायला लागला तो तारामतीला आणि रोहिदासाला. त्या दोघांना कुणी विचारलं होतं? गडावर पाहा, तीन शिखरं शेजारी शेजारी आहेत. हरिश्चंद्र, रोहिदास आणि तारामती. त्यांत सर्वांत उंच तारामती. गडाला नाव मात्र नवऱ्याचं.

मग मला दादासाहेब फाळके आठवले. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीचं काम करायला एकही बाई मिळेना. शेवटी खाणावळीत काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवावं लागलं. बायका सिनेमात काम करायला तयार नव्हत्या, असं कारण इतिहासकार देतात. माझा अंदाज असा, की त्यांनी गोष्ट आधी ऐकलेली होती. रोहिदासाचं काम मात्र फाळक्यांनी सरळ आपल्या मुलाला, भालचंद्रला दिलं. तिथेही पोराला विचारलं असेल असं वाटत नाही. ध्येयवादी माणसाच्या घरात जन्माला येणं म्हणजे बिनपगारी नेमणूकच.

इथपर्यंत मला बरं वाटत होतं. दुसऱ्याच्या चुकांचा विचार करताना झोप लागायला मदत होते. पण डोळा लागता लागता मला १९९१ साल आठवलं आणि मी उठून बसलो.

१९९१ साली मी एका सरकारी खात्यात होतो. एका न झालेल्या कामाचं बिल माझ्या टेबलावर आलं. सही केलीत तर इथेच राहाल, नाही केलीत तर मराठवाड्यात एक जागा रिकामी आहे, असं मला अगदी गोड शब्दांत, चहा पाजून सांगण्यात आलं. विचार करायला दोन दिवसही दिले. मी सही केली नाही. याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण घरी येऊन मी काय सांगितलं? “बदली झाली. नाइलाज आहे.” बस्स. दोन दिवसांतल्या विचाराचा एक शब्द नाही. आमची ही तेव्हा एका शाळेत शिकवत होती. नोकरी कायम होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. चिरंजीव तीन वर्षांचे होते. तिने राजीनामा लिहिला, भांडी गोणपाटात बांधली, आणि आम्ही गेलो. तीन वर्षांनी परत आलो तेव्हा तिच्या जागेवर दुसरी बाई होती. नंतर ती शिकवण्या करत राहिली, शाळेत पुन्हा लागली नाही.

म्हणजे हरिश्चंद्राला नावं ठेवणाऱ्या माणसाने पस्तीसेक वर्षांपूर्वी तेच केलं होतं. फरक एवढाच, की त्याच्यावर नाटकं झाली.

पहाटे ही उठली. तिचा नियम आहे, पाचला उठायचं, चहा घ्यायचा आणि स्टेशनपर्यंत चालून यायचं. गेली आठ वर्षं यात खंड नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

“दूध उतू गेलं की काय?” ती म्हणाली. त्या वेळेला मी स्वयंपाकघरात यायला दुसरं कारण तिला सुचलं नसावं.

मी सगळं सांगितलं. बिल, चहा, दोन दिवस, सगळं. ती आलं किसत होती ते किसतच राहिली.

“माहीत होतं मला,” ती म्हणाली. “तुमच्या हेडक्लार्कच्या बायकोने निघायच्या आदल्या दिवशीच सांगितलं होतं.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“तुम्ही कुठे बोललात?”

चहा उकळला. तिने दोन कप भरले. मग म्हणाली, “सही करू नका, असंच सांगितलं असतं हो मी. तेवढं ओळखायला हवं होतं तुम्ही. पण विचारलं असतंत, तर ती नोकरी मी सोडली असती. न विचारल्यामुळे ती नुसती गेली.”

यावर मला काही बोलता आलं नाही. मी व्याकरणात कच्चा नाही. ‘सोडली’ आणि ‘गेली’ यांतला फरक मला शाळेपासून ठाऊक आहे. पण तीन वर्षांचा मराठवाडा आणि एका बाईची सबंध नोकरी त्या दोन क्रियापदांच्या मधे मावते, हे ठाऊक नव्हतं.

थोड्या वेळाने मी रात्रीचा सिद्धांत पुढे केला. माणूस लाजला की तत्त्वज्ञानाकडे वळतो. “म्हणजे मी आणि हरिश्चंद्र एकाच माळेचे मणी. त्यानेही तारामतीला विचारलं नव्हतं.”

“उगाच राजाला तुमच्या पंक्तीला बसवू नका,” ती म्हणाली. चातुर्मासातली प्रवचनं ती नेमाने ऐकते, मी नेमाने चुकवतो. “मार्कंडेय पुराणात आहे ती गोष्ट. मला विका आणि दक्षिणा द्या, असं राणीनेच सांगितलंय. पैसे कुठून आणायचे म्हणून राजा डोकं धरून बसला होता. त्याला सुचलंसुद्धा नव्हतं.”

“मग प्रश्नच मिटला.”

“मिटला कसा? ती असं सांगू शकली, कारण काय देणं आहे, केव्हापर्यंत द्यायचंय, हे तिला सगळं ठाऊक होतं. त्याने तिला ‘नाइलाज आहे’ असं सांगितलं नव्हतं.” तिने चपला पायात सरकवल्या. “आणि दोन तास तर नाहीच नाही.”

ती फिरायला गेली आणि मी कप विसळत उभा राहिलो.

इतकी वर्षं मी असं धरून चाललो होतो, की घरातल्यांसाठी वाट निवडताना दोनच प्रकार असतात. एक, आपण अवघड वाट घ्यायची आणि त्यांना फरफटत न्यायचं. याला म्हणायचं ध्येय. दुसरा, त्यांच्याकडे बघून सोपी वाट घ्यायची आणि जन्मभर त्यांना ऐकवायचं, की तुमच्यामुळे माझं खिरेश्वर राहिलं. याला म्हणायचं त्याग. आपल्याकडे बहुतेक घरं यांपैकी एका प्रकारावर चाललेली असतात, आणि दोन्ही प्रकारांत समोरच्याचे पाय कुणी विचारात घेत नाही. तिसरा प्रकार इतका साधा आहे, की तो सुचतच नाही. चढ किती आहे ते खरं सांगायचं आणि गप्प बसायचं. यातला गप्प बसण्याचा भाग अवघड. कारण खरं सांगितल्यावर माणसं नाही म्हणू शकतात. त्यांनी नाही म्हणू नये म्हणून तर आपण दोन तास सांगतो. आणि तसं सांगून मिळवलेली सोबत ही सोबत नव्हेच. ते सामान. उचललं, नेलं.

लहान मुलांचं, आजाऱ्यांचं काय, असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी कुणीतरी निवडावंच लागतं. कबूल. पण त्यांनाही खोटं सांगायचं काय कारण? नऊ वर्षांच्या पोरीला चार तास म्हणजे काय ते कळतं. ती रोज पाच तास शाळेत बसते.

रविवारी मी पुन्हा सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. दोन्ही वाटा कागदावर काढल्या. खिरेश्वर, चार ते पाच तास, खिंडीनंतर कातळ, रेलिंग धरून चढायचं, पाणी भरपूर न्यायचं. पाचनई, तीन तास, गाडीत मात्र जास्त वेळ. शेवटी घसा खाकरून, गेल्या महिन्यात हाडांच्या डॉक्टरांनी माझ्या उजव्या गुडघ्याबद्दल काय सांगितलं तेही सांगितलं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. “आता ज्याने त्याने आपलं सांगा,” म्हणालो आणि गप्प बसलो.

आणि मग जे झालं त्याने मी चकित झालो. माझी समजूत अशी, की मी खिरेश्वरचा आणि बाकी सगळे पाचनईचे. ही म्हणाली, “मी खिरेश्वरने जाणार.”

“तू?”

“गेली चाळीस वर्षं ऐकतेय ना खिरेश्वर, खिरेश्वर. बघू तरी काय आहे ते. आणि रोज पाच किलोमीटर चालते मी. तुमच्या लक्षात आलं नसेल, तुम्ही झोपलेले असता.”

नात आजीच्या पक्षात गेली. चिरंजीव मुलीसाठी म्हणून, पण डोळ्यांत चमक घेऊन, गेले. मेहुणे म्हणाले की दाजींना एकटं सोडणं बरं दिसणार नाही, म्हणून ते पाचनईने येतील. मेहुण्यांच्या नात्यात अशी माया दाटून आलेली मी प्रथमच पाहिली. राहिल्या सूनबाई. त्या थोडा वेळ कागदाकडे बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “खरं सांगू का, बाबा? मला यायचंच नाहीये. मला एक रविवार घरात एकटीला हवाय.”

सासूने तिच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, आमच्या घरात इतकी वर्षं किती माणसं किती गडांवर नुसती ‘नेली’ गेली असतील.

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे भाड्याची गाडी करून आम्ही निघालो. उजाडता उजाडता खिरेश्वरला तिघांना उतरवलं. धुक्यातून आजी आणि नात हातात काठ्या घेऊन चालू लागल्या तेव्हा मला काहीतरी सांगायचं होतं. पण सांगण्यासारखं सगळं कागदावर लिहून झालं होतं. गाडी पुढे निघाली.

पाचनईच्या वाटेबद्दल मी आजवर जे बोललो ते मी मागे घेतो. ती मागच्या दाराची वाट नाही. एका बाजूला अंगावर आलेला प्रचंड कडा, त्याच्या पोटातून जाणारी पायवाट, पुढे ओढा आणि झाडी. गुडघा कुरकुरला, पण त्याला पूर्वकल्पना दिलेली असल्याने त्याने मर्यादा सोडली नाही.

देवळापाशी पोचलो, एका झोपडीत पिठलं-भाकरी सांगून ठेवली आणि केदारेश्वराच्या गुहेत जाऊन आलो. कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात ते भलं मोठं शिवलिंग, भोवती चार खांबांची जागा. तीन मोडलेत, एकच उभा आहे. लोक म्हणतात, चार युगांचे ते चार खांब, हा शेवटचा पडला की कलियुग संपलं. मी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. एवढा एकच खांब शिल्लक असताना मी सव्वादोन तास कसे म्हणालो असेन, कुणास ठाऊक.

एकच्या सुमाराला टेकडीवरून तीन ठिपके उतरताना दिसले. सर्वांत पुढे नात, मग ही, मागे दोन पाठपिशव्या घेतलेले चिरंजीव. हिचा चेहरा लाल झाला होता, केसांत कुसळं होती. ती येऊन कट्ट्यावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “छान आहे तुमचं खिरेश्वर.” मग जरा थांबून, “साडेपाच तास लागले.”

“फार झालं का?”

“झालं की. पण मी चढले.”

क्रियापद माझ्या लक्षात आलं. मी काही बोललो नाही. कपात चहा ओतून दिला.

तेवढ्यात नात माझ्या शेजारी येऊन बसली. “आबा, तुम्हाला किती वेळ लागला?”

“तीन तास वीस मिनिटं,” मी म्हणालो. खरंच तेवढा लागला होता. “आणि वाटेत चार वेळा बसलो.”

“सात,” भाकरी मोडता मोडता मेहुणे म्हणाले.